आभासी प्रयोगशाळेत भौतिकशास्त्र: लेकरांना आधी पडदा द्यायचा की आधी हातात साहित्य?

मांजराकाठ

नमस्कार. मी लातूर जिल्ह्यातल्या एका माध्यमिक शाळेत नववी-दहावीला विज्ञान शिकवते. आभासी प्रयोग, म्हणजे संगणकाच्या नाहीतर फोनच्या पडद्यावर करायचे प्रयोग, वर्गात आणायचे की नाही, हा वाद आता मागं पडलाय. शाळेत टीव्ही आलाय, घरोघरी फोन आलेत, २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही दीक्षा आणि स्वयंसारख्या सरकारी ऑनलाइन मंचांवरून आभासी प्रयोगशाळा उभारण्याचा उल्लेख आहे. माझा प्रश्न त्याच्या पुढचा आहे. एखादा प्रयोग लेकरांनी आधी पडद्यावर करावा की आधी हातानं? क्रम बदलला की शिकणं बदलतं, हे मला वर्गात स्पष्ट दिसतं. त्यावर सविस्तर चर्चा मात्र कुठं होत नाही.

ज्यांनी हे वापरलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी दोन ठिकाणचे प्रयोग घेते. एक फेट. कार्ल वायमन यांनी बोल्डरच्या कोलोरॅडो विद्यापीठात २००२ साली सुरू केलेला प्रकल्प. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांना भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं होतं. सगळं विनामूल्य, आणि बरेच प्रयोग मराठीतही आहेत. दुसरं ओलॅब्स, अमृता विश्व विद्यापीठम आणि सी-डॅक (केंद्र सरकारची संगणक-संशोधन संस्था) यांनी मिळून केलेलं, नववी ते बारावीसाठी. ओलॅब्समध्ये सिद्धांत, कृती, सिम्युलेशन, तोंडीचे प्रश्न असं ओळीनं लावून दिलेलं असतं. फेटमध्ये कृती नसतेच, नुसतं सामान समोर पडलेलं असतं. मला फेट जास्त आवडतं ते त्यामुळंच. लेकरू काहीतरी जोडतं, बिघडवतं, पुन्हा जोडतं.

आता नववीचा धाराविद्युतचा पाठ घ्या. दोन बल्ब एकसर जोडले तर पहिल्या बल्बातून गेल्यावर धारा कमी होते, ती 'खर्च' होते, असं बहुतेक लेकरांच्या मनात पक्कं बसलेलं असतं. मी ओहमचा नियम फळ्यावर लिहिते, ते वहीत उतरवतात, आणि मनात धारा खर्च होतच राहते. फेटच्या परिपथात ९ व्होल्टची बॅटरी आणि १० ओहमचे दोन बल्ब एकसर घेतले, आणि अ‍ॅमीटर (धारा मोजणारं उपकरण) पहिल्या बल्बाच्या आधी, दोन बल्बांच्या मध्ये आणि दुसऱ्याच्या नंतर लावला, तर तिन्ही जागी ०.४५ अँपिअर दिसतात. वर निळे इलेक्ट्रॉन सगळीकडं एकाच चालीनं सरकताना दिसतात. हेच बल्ब समांतर लावले की प्रत्येकातून ०.९ आणि मुख्य तारेतून १.८. हे बघताना वर्गात जी चुळबुळ होते ती फळ्यावरच्या समीकरणानं कधी होत नाही.

लंबकाचा अनुभव नेमका उलटा. लंबक मी आधी पडद्यावर दाखवला की प्रयोग तिथंच मरतो. पडद्यावरचं घड्याळ दोलनकाल, म्हणजे एका दोलनाचा वेळ, दशांशासकट हातात देतं. मोजणं म्हणजे काय, ते चुकतं कसं, वीस दोलनं का मोजायची, यातलं काहीच लेकराच्या वाट्याला येत नाही.

म्हणून माझं आजचं मत असं आहे: जे डोळ्यांना दिसतं ते आधी हातानं करावं, जे दिसत नाही ते आधी पडद्यावर. तुमचा अनुभव काय सांगतो? विशेषतः जिथं प्रयोगशाळेत निम्मे अ‍ॅमीटर बंद आहेत आणि वर्गात साठ लेकरं आहेत, तिथला अनुभव मला हवाय.

बालाघाट

मॅडम, मी बीड जिल्ह्यात हयातभर विज्ञान शिकवलं, आता निवृत्त आहे. धागा फार चांगला काढलात. पण माझं मत तुमच्यापेक्षा कडक आहे. शाळेच्या वयात सगळंच आधी हातानं झालं पाहिजे. पडदा हा नंतरचा.

भिंगाचं उदाहरण देतो, कारण प्रकाश हा 'दिसणारा' विषय आहे आणि इथं तुम्ही माझ्याशी सहमत व्हाल असं वाटतं. भिंग विकत आणायचीही गरज नाही. घरातल्या आजीचा जवळचं वाचायचा चष्मा आणायला सांगा. त्याच्यावर बहुधा नंबर लिहिलेला असतो. अधिक दोन नंबर म्हणजे नाभीय अंतर (लांबच्या वस्तूची प्रतिमा भिंगापासून जितक्या अंतरावर स्पष्ट पडते ते) अर्धा मीटर, अधिक अडीच म्हणजे चाळीस सेंटीमीटर. दहावीत भिंगाची शक्ती शिकवतो ती हीच. वर्गाच्या आतल्या अंधाऱ्या भिंतीसमोर चष्मा धरायचा, दारातून दिसणाऱ्या लांबच्या झाडाची उलटी प्रतिमा भिंतीवर स्पष्ट होईपर्यंत मागंपुढं करायचं, आणि पट्टीनं अंतर मोजायचं. चष्म्यावरचा आकडा आणि पट्टीवरचा आकडा जुळतो तेव्हा लेकरांना जो आनंद होतो, तो मी पुन्हापुन्हा पाहिलाय आणि दरवेळी मलाही तितकाच झालाय.

मग विचारायचं: भिंगाचा वरचा अर्धा भाग पुठ्ठ्यानं झाकला तर काय दिसेल? उत्तर आधी वहीत लिहून घ्यायचं, नाहीतर निकाल बघितल्यावर सगळेच 'मला माहीत होतं' म्हणतात. जवळजवळ सगळा वर्ग लिहितो की अर्धी प्रतिमा जाईल. झाकून बघितलं की प्रतिमा पूर्णच राहते, फक्त फिकी होते. का? तर झाडाच्या प्रत्येक बिंदूपासून निघालेला प्रकाश भिंगाच्या सगळ्या भागांवर पडतो. अर्धा रस्ता बंद झाला, तरी उरलेल्या अर्ध्यातून प्रत्येक बिंदूचा प्रकाश येतोच.

हे पडद्यावर आधी दाखवलं असतं तर त्यांनी मान डोलावली असती, एवढंच.

मांजराकाठ

गुरुजी, भिंगाबद्दल तुमच्याशी पूर्ण सहमत. त्यात एक भर घालते. पुस्तकातल्या आकृतीत आपण दोन-तीनच किरण काढतो: एक अक्षाला समांतर, एक प्रकाशीय मध्यातून, एक नाभीतून. लेकरांना वाटतं प्रतिमा त्या तीन किरणांनीच बनते, म्हणून एक किरण अडवला की तेवढा तुकडा गेला. फेटच्या भिंगाच्या प्रयोगात मुख्य किरण आणि पुष्कळ किरण असे दोन्ही पर्याय आहेत. पुठ्ठ्याचा प्रयोग हातानं झाल्यावर 'पुष्कळ किरण' लावून दाखवले की भिंतीवर जे दिसलं त्याचं कारण नजरेसमोर येतं. म्हणजे पडदा नंतर, पण हवाच.

जालन्याचा_वायरमन

मी आयटीआयला इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांना शिकवतो. मॅडमनी परिपथाचा प्रयोग आधी पडद्यावर सांगितलाय, ते पटतंय, पण तिथंच सोडला तर घोटाळा होतोय. माझ्याकडं दहावी करून आलेली पोरं असतात. पडद्यावर बघितलेलं त्यांना पाठ असतं, आणि खरा बल्ब तसं वागत नाही म्हटल्यावर ती गोंधळून जातात.

करून बघा. टॉर्चचे दोन बल्ब आणा, एकाच पाकिटातले असले तरी चालतील. दोन सेलवर एकसर लावा. पुष्कळदा एक जास्त पेटतो, एक कमी. कारण दोघांची तार अगदी सारखी नसते. पोरगं काय म्हणतं? "सर, पहिल्यानं करंट खाल्ला." तुमची पडद्यावरची सगळी मेहनत गेली. इथं थांबायचं आणि दोन्ही बल्बांच्या जागा बदलायला सांगायच्या. जास्त पेटणारा बल्ब दुसऱ्या जागी जाऊनही जास्तच पेटतो. म्हणजे फरक जागेचा नाही, बल्बाचा आहे. त्याला अ‍ॅमीटरसुद्धा लागत नाही.

दुसरी गोष्ट. फेटमधला साधा बल्ब ओहमचा नियम तंतोतंत पाळतो, त्याचा रोध (धारेला होणारा अडथळा) ठरलेला असतो. खऱ्या बल्बाचा नसतो. जुना १०० वॅटचा पिवळा बल्ब घ्या. २३० व्होल्टवर पेटलेला असताना त्याचा रोध २३० गुणिले २३० भागिले १००, म्हणजे ५२९ ओहम. तोच बल्ब होल्डरमधून काढून, थंड झाल्यावर मल्टीमीटर लावा, चाळीसच्या आसपास दाखवतो. तार तापली की रोध वाढला. कळकळीनं सांगतो, मल्टीमीटर फक्त काढून ठेवलेल्या बल्बाला. घरच्या लाईनवर शाळेच्या पोरांनी एकही प्रयोग करायचा नाही, कुणी कितीही सोपा म्हणो. तिथं पडदाच बरा. पडद्यावर शॉर्ट सर्किट केलं की बॅटरीतून जाळ निघालेला दिसतो, आणि तो बघून पोरं शहाणी होतात.

तिसरं, सेलचा अंतर्गत रोध. हे आपल्या गावातल्या पोरांना इतर कुणापेक्षा चटकन कळतं. रब्बीत लाईट आली की एकदम सगळ्या मोटारी सुरू होतात आणि घरातला बल्ब मंदावतो, हे त्यांनी जन्मापासून बघितलंय. तिथं रोध लाईनचा आणि ट्रान्सफॉर्मरचा, इथं सेलचा, गणित तेच. १.५ व्होल्टचा सेल, आतला रोध अर्धा ओहम, बल्ब ५ ओहमचा धरा. एक बल्ब लावला तर सेलच्या टोकांना १.३६ व्होल्ट मिळतात. दोन समांतर लावले तर १.२५. तीन लावले तर १.१५. प्रत्येक नव्या बल्बानं आधीचे मंदावतात. पुस्तकात मात्र समांतर जोडणीत बल्ब मंदावत नाहीत असं पोरं पाठ करतात. फेटमध्ये बॅटरीच्या रोधाची सरकपट्टी आहे, तारेच्या रोधाचीही आहे. ती शून्यावरून थोडी पुढं सरकवली की पडदा खऱ्या सेलसारखा वागायला लागतो. मला तर वाटतं सगळ्यात मोठं शिकणं त्या सरकपट्टीत आहे.

मांजराकाठ

दादा, हे वाचून मी माझा पुढच्या आठवड्याचा तास बदलतेय. आधी पडदा, मग खरे बल्ब, मग जे जुळलं नाही ते जुळवायला परत पडदा. सरकपट्टी सरकवत जायचं, खऱ्या बल्बाइतकं मंदावेपर्यंत. बल्बांच्या जागा बदलण्याची युक्ती तर थेट उचलते.

सिंदफणा

मध्येच बोलतो. हे सगळं छान आहे, पण दहावीला विज्ञानाचे ४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुणांचं प्रात्यक्षिक. पेपरात सरकपट्टी विचारत नाहीत. पालक विचारतात की पोरगं किती टक्के आणणार. आमच्या भागात आठवीपासून पोरांना क्लास लावतात, संध्याकाळी सात वाजता पोरगं घरी येतं. त्यानं हे कधी करायचं?

तेरणा

सिंदफणा भाऊ, प्रश्न रास्त आहे. मी धाराशिव जिल्ह्यात वरिष्ठ महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवतो, म्हणजे तुमची लेकरं दहावी-बारावीनंतर आमच्याकडं येतात. नव्वद टक्केवाले येतात. त्यांना एकसर जोडणीचं सूत्र येतं. टेबलावर दोन रोध, एक सेल आणि अ‍ॅमीटर ठेवला तर अ‍ॅमीटर समांतर लावतात. गुण आणि समज यांची फारकत आम्ही रोज बघतो. म्हणून हे दहावीतच व्हायला हवं, आमच्यापर्यंत येईतो उशीर झालेला असतो.

वेळेचं म्हणाल, तर गुण आणि समज यांत भांडण नाही. चिन्ह संकेत पाठ करून भिंगाची गणितं सोडवणारं लेकरू वजा-अधिकमध्ये अडकतं. ज्यानं प्रतिमा भिंतीवर पाडून बघितली, त्याला उत्तराचं चिन्ह चुकलं की खटकतं.

क्रमाच्या मूळ प्रश्नावर एक अभ्यास सांगतो. २००५ साली कोलोरॅडो विद्यापीठाच्याच नोआ फिंकेलस्टाइन आणि सहकाऱ्यांनी तो प्रसिद्ध केला. महाविद्यालयातल्या प्रयोगवर्गाचे दोन गट केले. एकानं खरे बल्ब-तारा घेऊन परिपथ शिकला, दुसऱ्यानं फेटच्या पडद्यावर. नंतर दोघांना खरं साहित्य देऊन परिपथ जोडायला आणि समजावून सांगायला लावला. पडद्यावर शिकलेला गट त्यात सरस ठरला, संकल्पनांच्या प्रश्नांमध्येही. बालाघाट गुरुजींना हे आवडणार नाही, पण ते नजरेआड करता येत नाही.

मात्र त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे. तो गट पडद्यासमोर नुसता सोडून दिलेला नव्हता, हातात कृतिपत्रिका होती आणि शिकवणारे सोबत होते. विषय परिपथाचा होता, जिथं मुख्य गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. विद्यार्थी मोठे होते. शिवाय हा अभ्यास ज्या विद्यापीठात झाला, फेटही तिथलंच. तरीही मांजराकाठ मॅडमच्या 'न दिसणारं आधी पडद्यावर' या म्हणण्याला त्यातून बळ मिळतं असं मला वाटतं.

बालाघाट

तेरणा सर, आवडण्या-न आवडण्याचा प्रश्न नाही. विद्युतधारेपुरतं मी मान्य करतो. वायरमन दादांनी जे लिहिलं ते वाचून तर जास्तच. पण लंबकावर मी हटणार नाही, आणि मॅडमही हटणार नाहीत असं दिसतंय.

ज्यांना करून बघायचंय त्यांच्यासाठी लिहून ठेवतो. जाड दोरा, खाली मोठा नट किंवा मधोमध भोक असलेला जड गोळा. लांबी टांगणीच्या बिंदूपासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजायची, वरच्या कडेपर्यंत नाही. झोका लहान द्यायचा, दहा अंशांच्या आत. वीस दोलनांचा वेळ घ्यायचा. माणसाचं बोट घड्याळावर साधारण ०.२ सेकंद मागंपुढं होतं. एकाच दोलनाचा वेळ घेतला तर ती चूक दोन सेकंदांत ०.२ इतकी मोठी. वीस दोलनांवर तीच चूक वाटली गेली की प्रत्येक दोलनाला ०.०१ उरते.

समजा लांबी ८० सेंटीमीटर आणि वीस दोलनांना ३६ सेकंद. दोलनकाल १.८. यातून गुरुत्व त्वरण, म्हणजे 'g', काढायचं: π (पाय) चा वर्ग गुणिले ४ गुणिले लांबी, भागिले दोलनकालाचा वर्ग. उत्तर ९.७५. गोळ्याची त्रिज्या एक सेंटीमीटर असेल आणि ती धरायला विसरलात तर ९.६३. एका सेंटीमीटरनं उत्तर कुठं जातं ते लेकराला स्वतःच्या आकड्यात दिसतं. गुरुत्वाकर्षणाच्या पाठात पृथ्वीचं वस्तुमान ६ गुणिले १० चा २४ वा घात किलोग्रॅम आणि त्रिज्या ६४०० किलोमीटर घेऊन 'g' काढला की ९.७७ येतो. दोरा आणि नट घेऊन वर्गात बसलेलं लेकरू पृथ्वीच्या वस्तुमानातून निघालेल्या आकड्याच्या इतक्या जवळ पोचतं. हे पडदा देऊ शकत नाही, कारण पडद्यावर 'g' आधीच भरून ठेवलेला असतो.

मांजराकाठ

शेवटचं वाक्य फार महत्त्वाचं, गुरुजी. पडद्यावर आपण निसर्गाला प्रश्न विचारत नाही, ज्यानं तो प्रयोग लिहिला त्यानं घातलेल्या नियमाला विचारतो. लेकरांना हे स्पष्ट सांगायला हवं.

तरी लंबकालाही पडदा लागतो, नंतर. वर्गात करून झालं की मी विचारते, हाच दोरा चंद्रावर नेला तर? एक मीटरच्या लंबकाला इथं दोन सेकंद लागतात. पडद्यावर चंद्र निवडला की जवळजवळ पाच सेकंद. झोका साठ अंशांचा केला तर दोलनकाल सात टक्क्यांनी वाढतो. खऱ्या दोऱ्यावर तेवढा मोठा झोका लगेच मंदावतो, पडद्यावर घर्षण शून्य करून बघता येतो. म्हणजे जे आपल्या आवाक्यात नाही त्यासाठी पडदा.

गंगाखेडची_आई

मी शिक्षिका नाही, दोन लेकरांची आई आहे. एक विचारायचंय. आमच्या घरात एकच फोन आहे आणि तो लेकरांच्या पप्पांकडं असतो, ते दिवसभर शेतात असतात. संध्याकाळी येतात तेव्हा दिवसाचं नेट संपत आलेलं असतं. आमच्या गल्लीतली किती तरी घरं दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात, काहींची लेकरं सोबत जातात. असल्या लेकरांना हे मिळणार कसं? शाळेत सांगतात फोनवर बघा, आणि मला फार वाईट वाटतं, कारण माझ्या मुलीला विज्ञानाची खरंच ओढ आहे.

मांजराकाठ

ताई, बरं झालं विचारलंत. पहिली गोष्ट, फेटचे नव्या धाटणीचे प्रयोग डाऊनलोड करता येतात. प्रत्येक प्रयोग म्हणजे एकच फाईल. एकदा उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते. मी शाळेच्या संगणकावर उतरवून ठेवते आणि ज्यांच्याकडं फोन आहे त्यांच्या फोनमध्ये केबलनं किंवा ब्लूटूथनं देते. नेट खर्च होत नाही. ज्या घरची लेकरं ऊसतोडीला जातात, त्यांच्या मोठ्या भावाच्या नाहीतर वडिलांच्या फोनमध्ये निघायच्या आधी परिपथ, लंबक, भिंग अशा फाईली घालून देते. कारखान्याच्या तळावर नेट असो नसो, चालतं. एक पानभर प्रश्न हातानं लिहून सोबत देते, कारण नुसता प्रयोग दिला तर दोन दिवस खेळून लेकरू सोडून देतं.

दुसरी गोष्ट, आभासी प्रयोग गृहपाठ म्हणून देणं मला पटत नाही. ज्याच्या घरी फोन नाही त्याला आपण वर्गातून बाहेर काढतो. शाळेच्या वेळेत पाच-सहा लेकरांत एक फोन, नाहीतर सगळ्या वर्गात एक टीव्ही, तेवढ्यात भागतं. एकजण चालवतो, एकजण आकडे लिहितो, आणि बाकीच्यांनी बटण दाबायच्या आधी अंदाज सांगायचा. अंदाज लिहिल्याशिवाय कुणी बोट लावायचं नाही, हा नियम मी काटेकोर पाळते. टीव्हीवर घेताना तर हा नियम नसेल तर तो नुसता सिनेमा होतो.

तुमच्या मुलीला गुरुजींचा चष्म्याचा प्रयोग आजच करायला सांगा. त्याला फोन लागत नाही.

दहावी_ब

मी हिंगोली जिल्ह्यातला आहे, दहावीत. आमच्या इथं औंढा नागनाथजवळ लायगोची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या गुरुत्वीय लहरी टिपणारी, प्रयोगशाळा होणार आहे. सरांनी सांगितलं की ४ किलोमीटरच्या दोन भुजा असतात आणि प्रोटॉनपेक्षा लहान अंतर मोजतात. हे कसं मोजतात ते कोणत्या आभासी प्रयोगात दिसेल? आणि आमच्याकडं कोणतं साहित्य नाही, पण दोन फोन मिळू शकतात.

तेरणा

वा, फार छान प्रश्न. लायगो-इंडियाला केंद्र सरकारनं एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली, खर्च सुमारे २६०० कोटी रुपये. तुझ्या जिल्ह्यात हे होतंय, तेव्हा तुला ते समजलंच पाहिजे.

लेझरचा एक झोत दोन भागांत फोडतात, काटकोनात असलेल्या दोन भुजांमधून पाठवतात, टोकाच्या आरशांवरून परत आणून एकमेकांत मिसळतात. दोन लाटांचे उंचवटे एकावर एक आले तर प्रकाश वाढतो, उंचवट्यावर खोलगट भाग आला तर अंधार. गुरुत्वीय लहर आली की एक भुजा किंचित लांबते, दुसरी किंचित आखडते, आणि मिसळलेल्या प्रकाशात फरक पडतो. हा फरक प्रोटॉनच्या व्यासापेक्षा शेकडो पटींनी लहान असतो. अशी लहर पहिल्यांदा १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या दोन लायगो केंद्रांनी टिपली.

फेटवर लहरींच्या व्यतिकरणाचा, म्हणजे दोन लाटा एकमेकींत मिसळण्याचा, प्रयोग आहे. त्यात पाणी, ध्वनी आणि प्रकाश तिन्ही निवडता येतात. दोन उगम लाव, त्यांच्यातलं अंतर बदल, आणि शांत पट्टे कुठं सरकतात ते बघ. मग खरं करून बघ: शाळेच्या कार्यक्रमाचे दोन स्पीकर एकाच अ‍ॅम्प्लिफायरवर लावून मोकळ्या मैदानात दोन मीटर अंतरावर ठेव. फोनमधून १००० हर्ट्झचा एकसारखा सूर सोड. पाच मीटर लांब उभं राहून स्पीकरच्या ओळीला समांतर सावकाश चालत जा, एक कान बंद करून. आवाज वाढेल, पडेल, पुन्हा वाढेल. दोन मोठ्या आवाजांच्या जागांत साधारण पाऊण ते एक मीटर अंतर असेल. खोलीत करू नको, भिंतींवरून परत येणारा आवाज सगळं बिघडवतो.

दोन फोन असतील तर आणखी एक प्रयोग आहे. फायफॉक्स नावाचं ॲप जर्मनीतल्या आखेनच्या तंत्रविद्यापीठानं केलंय, विनामूल्य आहे. त्यात आवाजानं सुरू-बंद होणारं घड्याळ आहे. दोन फोन दहा मीटरवर ठेव. पहिल्या फोनजवळ स्टीलचं ताट वाजवलं की दोन्ही घड्याळं सुरू होतात, पण दुसरं आवाज पोचायला लागेल तेवढं उशिरा. मग दुसऱ्या फोनजवळ ताट वाजव, दोन्ही बंद होतात, पहिलं थोडं उशिरा. दोन घड्याळांतला फरक म्हणजे आवाजाला वीस मीटर जायला लागलेला वेळ. वीस भागिले तो वेळ, हा ध्वनीचा वेग.

आपल्या हवेत याची खरी गंमत आहे. थंडीत पहाटे १५ अंशांना ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ३४० मीटर, मे महिन्यात दुपारी ४० अंशांना सुमारे ३५५. दोन्ही वेळा मोजून फरक पकडता येईल. इथं फोन म्हणजे आभासी प्रयोगशाळा नाही, ते खरं उपकरण आहे.

जालन्याचा_वायरमन

हे मी आयटीआयच्या मैदानावर करणार.

सिंदफणा

माझ्या पोराला चष्म्याचा प्रयोग करायला लावला. आजीचा चष्मा अधिक अडीचचा, अंतर ४१ सेंटीमीटर आलं. तो आता घरातले सगळे चष्मे गोळा करायलाय. रविवारचा अर्धा दिवस मी त्याला क्लासमधून सोडवून घेतोय.

बालाघाट

सिंदफणा भाऊ, त्याला सांगा, काही चष्म्यांनी भिंतीवर प्रतिमा पडणारच नाही. ते अंतर्गोल, वजा नंबरचे. असं का होतं, ते त्यालाच शोधू द्या. अडला तर फेटवर भिंग बदलून किरण कुठं जातात ते बघू द्या.

दहावी_ब

तेरणा सर, दोन फोन घेऊन केलं. अंतर टेपनं १० मीटर मोजलं. सकाळी शाळा भरायच्या आधी केलं, वारा नव्हता. पहिल्या फोनवर १.८४२, दुसऱ्यावर १.७८४, फरक ०.०५८ सेकंद. वेग ३४५ आला. पण परत परत केलं तर कधी ०.०५७ येतं, कधी ०.०६०. म्हणजे ३५१ पासून ३३३ पर्यंत. हवेचं तापमान तर तेच होतं. मग कुठलं खरं धरायचं?

तेरणा

शाब्बास. सगळी वाचनं लिहून ठेव, एकही खोडू नको, आणि सरासरी काढ. पण त्याआधी दोन गोष्टी तपास. अंतर फोनच्या कडेपासून मोजलंस की माइकच्या भोकापासून? आणि ताट नेमकं कुठं धरून वाजवलं? ते दोन्ही फोनांना जोडणाऱ्या रेषेवर, पण फोनच्या बाहेरच्या बाजूला असायला हवं. बाजूला उभं राहून वाजवलं, तर आवाजाला पूर्ण दहा मीटरांचा फरक पडत नाही आणि वेग जास्त येतो. ३५१ आला तेव्हा ताट कुणाच्या हातात होतं आणि तो कुठं उभा होता, ते आठवतंय का?

दहावी_ब

माझी बहीण. ती थोडी बाजूला उभी होती, फोनला पाय लागू नये म्हणून. उद्या जमिनीवर खडूनं रेघ आखून, ताट रेघेवर धरून परत करतो.